रात्री बाराची मिस्सा आणि सेकंड शिफ्ट

(एपिसोडचं लेखी रूप. अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड नागापूरमधून, म्हणजे माझ्या घरातूनच रेकॉर्ड करतोय. मधेच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, मनमाड रोड इथून जवळ आहे आणि एमआयडीसी त्याहून जवळ.

गेल्या डिसेंबरात मी एक चूक केली. आधी ती सांगतो, कारण हा एपिसोड त्या चुकीतूनच निघालाय.

आमच्या चर्चच्या युवा मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी सांभाळतो. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे लिंक, फॉर्म, पोल असलं काहीही असलं की काम माझ्याकडे येतं. विषय निघाला की चोवीस तारखेची रात्री बाराची मिस्सा नऊ वाजता घ्यावी का. थंडी असते, लहान पोरं झोपतात, म्हाताऱ्यांना रात्री गाडीवर आणणं अवघड. मला पटलं. मी पोल टाकला, दोन पर्याय दिले, चोवीस तासांची मुदत ठेवली. नऊ वाजता हा पर्याय मोठ्या फरकानं जिंकला. मी निकालाचा स्क्रीनशॉट काढून फादरांना पाठवला. मिस्सा नऊला झाली. मी कॉयरमध्ये होतो, गाणी चांगली झाली, साडेदहाला केक खाऊन घरी.

पप्पांची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. दुपारी साडेतीन ते रात्री साडेअकरा. इतकी वर्षं ते काय करायचे, तर शिफ्ट सुटली की गेटवरूनच गाडी काढायची, सीनेचा पूल ओलांडून सावेडीतून शहरात यायचं, आणि मिस्सेला मागच्या खांबाजवळ उभं राहायचं. अंगावर कंपनीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. सव्वाबारा, बारा वीसपर्यंत पोहोचायचे. त्यांना वेळ बदललेली माहीत होती, तरी ते सवयीनं चर्चवरूनच आले. आत अंधार होता, फक्त गोठ्यावरची लाइटची माळ चालू होती. दोन मिनिटं थांबले आणि घरी आले. मी विचारलं, तुम्ही पोलमध्ये मत का नाही दिलं? ते म्हणाले, "फोन गेटवर जमा असतो रे. सुटल्यावर बघितला तर तुझा पोल बंद झाला होता."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते जेवायला बसले.

तर मग मी वाचायला लागलो, की हे बारा मुळात आले कुठून. आणि सापडलं ते असं की या बाराची जागा कायम हलत आलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कॅथलिक चर्चमध्ये मुख्य उपासनेला मिस्सा म्हणतात. वाचन, प्रवचन, मग भाकर आणि द्राक्षारस यांचा विधी, मग कम्युनियन. आपल्या नगरमध्ये ख्रिस्ती म्हटलं की पुष्कळांना ह्यूम मेमोरियल चर्च आठवतं. ती वेगळी परंपरा, प्रोटेस्टंट. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 मध्ये आलं, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव त्याच परंपरेतलं. तिथे उपासना असते, मिस्सा नसते. मी बोलतोय ते कॅथलिकांबद्दल. आणि 'नाताळ' हा शब्द? तो पोर्तुगीज, 'नाताल' म्हणजे जन्माचा. 'मिस्सा' आणि 'पाद्री'सुद्धा पोर्तुगिजांकडूनच मराठीत आले.

आता बायबल उघडा. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची गोष्ट आहे. त्यात तारीख नाही आणि वेळही नाही. रात्रीचा उल्लेख आहे तो मेंढपाळांच्या बाबतीत. ते रात्री रानात कळप राखत होते आणि बातमी पहिल्यांदा त्यांना कळली. हे वाचताना मी थांबलोच. ती माणसं ड्यूटीवर होती! झोपलेल्या गावाला बातमी नंतर कळली, आधी रात्रपाळीला कळली. आपल्याकडे थंडीत धनगरांचे वाडे शेतात बसलेले असतात, कुत्री, मेंढरं, शेकोटी, एक जण जागा. ते चित्र डोळ्यापुढे आणा, बेथलेहेमचा वेगळा सेट लावायची गरज नाही.

पंचवीस डिसेंबर या तारखेची पक्की नोंद मिळते ती रोममधल्या 354 सालच्या एका दिनदर्शिकेत. पूर्वेकडे, खुद्द जेरुसलेममध्ये, त्या काळात जन्माचा सण सहा जानेवारीला होता. आणि तिथल्या रात्रीचं वर्णन आपल्याला एका बाईमुळे मिळतं. तिचं नाव एजेरिया. चौथ्या शतकाच्या शेवटी, 380 च्या आसपास, ती पश्चिमेकडून यात्रा करत जेरुसलेमला गेली आणि जे पाहिलं ते पत्रासारखं लिहून ठेवलं. म्हणजे त्या काळातली ट्रॅव्हल व्लॉगरच म्हणा. तिच्या लिखाणाची प्रत 1884 मध्ये इटलीतल्या अरेझ्झो गावात सापडली. गंमत ऐका. लोक रात्री बेथलेहेमला जमतात, तिथे जागरण होतं, हे जिथे यायला हवं नेमकं तिथलंच पान गहाळ! पुढचं पान सुरू होतं तेव्हा लोक जेरुसलेमला परत निघालेले असतात. अंतर आठ-नऊ किलोमीटरचं. सोबत पायी चालणारे साधू असतात म्हणून सगळेच सावकाश चालतात, आणि माणसाला माणूस ओळखू येईल इतपत उजाडतं तेव्हा शहरात पोहोचतात.

मला ते गहाळ पान फार लागलं नाही. ते चालणं पुरेसं आहे. हे चित्र मी आधी ऐकलेलं होतं, आजीकडून. तिच्याकडे येतोच.

रोममध्ये सुरुवातीला नाताळची एकच मिस्सा होती, दिवसाची, संत पेत्राच्या चर्चमध्ये. रात्रीची नंतर आली. पोप सिक्स्टस तिसरे यांच्या काळात, 432 ते 440, सांता मारिया माज्जोरे हे मोठं चर्च बांधलं गेलं. तिथे गव्हाणीच्या नावानं एक छोटी खोली होती, आणि रात्रीची मिस्सा तिथे होऊ लागली. बेथलेहेमची रात्र रोममध्ये आणली, असं समजा. सहाव्या शतकात पहाटेची तिसरी मिस्सा जोडली गेली. त्यामुळे आजही नाताळला रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची अशा तीन वेगवेगळ्या मिस्सा आहेत, आणि एका फादरला त्या तिन्ही करायची मुभा आहे. पोप ग्रेगरी, 590 ते 604 मधले, नाताळच्या एका प्रवचनात सुरुवातीलाच सांगून टाकतात की आज तीन मिस्सा करायच्या आहेत, त्यामुळे फार बोलणार नाही. हे वाक्य मी आमच्या फादरांना फॉरवर्ड करायचं ठरवलंय.

पण त्या रात्रीच्या मिस्सेची वेळ काय? जुन्या लॅटिन परंपरेत ती कोंबडा आरवला की लगेच, अशी सांगितलेली. म्हणून स्पॅनिशमध्ये तिला कोंबड्याची मिस्सा म्हणतात, पोर्तुगीजमध्येही तेच. आता आपल्याकडचा कोंबडा कधी आरवतो? पहाटे. मग बारा कसे? जुन्या काळात घड्याळं नव्हती, रात्रीचे प्रहर होते, आणि 'कोंबडा' हे त्यातल्या एका वेळेचं नाव. ती वेळ मध्यरात्रीनंतरची. म्हणजे 'बारा' हा आकडा त्यावर बराच नंतर चिकटलाय.

पुढचा मुद्दा मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आज आपण संध्याकाळी सहाची, सातची मिस्सा अगदी सहज धरतो. पूर्वी तसं नव्हतंच. 1917 च्या चर्चच्या कायद्यात, कलम 821, स्पष्ट लिहिलं होतं की मिस्सा उजाडण्याच्या एक तासाआधी सुरू करायची नाही आणि दुपारी एकनंतर सुरू करायची नाही. कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबसुद्धा नाही. ईस्टरच्या आदल्या रात्रीचा जो विधी आहे, नावातच रात्र असलेला, तोही शेकडो वर्षं शनिवारी सकाळी उरकला जायचा. तो पुन्हा रात्री आणला 1951 मध्ये, पोप पायस बारावे यांनी. संध्याकाळच्या मिस्सेला मोकळीक मिळाली ती 1953 मध्ये. उपासाची अट आधी तीन तासांवर आली, मग 1964 मध्ये एक तासावर.

म्हणजे हिशोब करा. 1951 च्या आधी साध्या कॅथलिक माणसासाठी वर्षभरात एकच रात्र होती, जेव्हा तो मध्यरात्री मिस्सेला जाऊ शकत होता. त्याच कायद्यात तशी एक ओळ होती, नाताळच्या मध्यरात्रीला सूट देणारी. आमच्या भाषेत सांगायचं तर एक एज केस, मुद्दाम लिहिलेली. दिवसभर ज्याचे हात कामात अडकलेत, त्याला ती एक रात्र मोकळी होती.

आता आजी.

आजी राहुरी तालुक्यातली. त्या भागात, संगमनेरकडे आणि केंदळ-वळणच्या पट्ट्यात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेसुइट फादर आले. दुष्काळांचा काळ होता. जे ख्रिस्ती झाले त्यातले बहुतेक गावकुसाबाहेरचे, आम्हीही त्यातलेच. ते लोक का गेले यावर मोठमोठे वाद आहेत, धान्यासाठी गेले की मानासाठी. मला तो प्रश्नच थोडा अपमानास्पद वाटतो. उपाशी माणसाला मान नको असतो असं कोण म्हणतं? पण तो वेगळा एपिसोड.

आजीच्या लहानपणी, म्हणजे पन्नाशीच्या दशकात, फादर एक आणि गावं पुष्कळ. फादर असतील तिथेच नाताळची रात्र. बाकीच्यांनी चालत यायचं. काही बैलगाडीत, पोरं आणि म्हाताऱ्या गाडीत, बाकी मागून पायी. संध्याकाळीच पोहोचायचं आणि मग बारापर्यंत करायचं काय? तर भजन. टाळ, ढोलकी, मधे मास्तरांची गोष्ट. मास्तर म्हणजे गावात धर्मशिक्षण देणारा माणूस, शाळाही तोच चालवायचा. आजोबा मात्र दर वर्षी नसायचे. ते साखर कारखान्यात हंगामी होते, आणि डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. त्यांची पाळी ज्या वेळेला सुटेल त्यावर त्यांचा नाताळ ठरायचा. मी आजीला विचारलं, तुमच्याकडे घड्याळ होतं का? ती म्हणाली, "आरं, बारा वाजले का न्हाई ते कोन बघतंय. फादरची घंटा झाली की बारा."

आणि मिस्सा लॅटिनमध्ये. आजीला अजून काही उत्तरं पाठ आहेत. अर्थ एकाचाही माहीत नाही, पण चाल पक्की. रात्रभर भजन मराठीत आणि बारा वाजता वेदीवर लॅटिन, हे तिला कधी विचित्र वाटलं नाही. मला वाटतं.

कारण मराठी तर केव्हाच आली होती. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेसुइट 1579 मध्ये गोव्याला उतरला. त्यानं मराठी शिकून 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, येशूच्या जन्माची कथा त्यात आलीच. गोव्यातल्या चर्चमध्ये ते लोकांना वाचून दाखवलं जायचं. ओवी हा छंद कुठला ते नगरकरांना सांगायला नको. नेवासं आपल्याच जिल्ह्यात, ज्ञानेश्वरी 1290 ची. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तिथे मरियेला 'माउली' म्हणतात, ती माउली कुठून आली हेही सांगायला नको. तर इतकं सगळं मराठीत, पण खुद्द मिस्सा लॅटिनमध्ये. बदल झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. 4 डिसेंबर 1963 ला उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर झाला आणि साठीच्या दशकाच्या मध्यापासून लोकभाषा वेदीवर आल्या. ख्रिस्तपुराणापासून मोजलं तर साडेतीनशे वर्षांच्या आसपास. वेळ लागला, पण आज टाळ-ढोलकी ऐन मिस्सेतच वाजते.

मग अलीकडे हे बारा पुन्हा का हलायला लागले? व्हॅटिकनमध्येच बघा. 2009 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मध्यरात्रीची मिस्सा रात्री दहाला घेतली. वय झालं होतं, दुसऱ्या दिवशीही मोठा कार्यक्रम असायचा. 2020 मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे ती साडेसातला झाली. भारतात कारण वेगळं, लाउडस्पीकर. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सांगतात की रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार सूट देऊ शकतं, पण ती सूट रात्री बारापर्यंत. सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये ते मान्य केलं. मी हे दोनदा वाचलं आणि हसलो. सूट बाराला संपते आणि आमची मिस्सा बाराला सुरू होते! बंद हॉलमध्ये चालतं, पण गर्दी मैदानात असते तिथे वेळ आधी ओढण्यावाचून पर्याय राहत नाही. मुंबई-वसईकडचे मित्र सांगतात की त्यांच्याकडे कधीच आधी घेतात.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. आमच्या इमारतीत तान्हं बाळ आहे, डीजेचा त्रास मलाही होतो.

पण मला आणखी एक गोष्ट सापडली, ती फक्त इंजिनिअरांना आवडेल, बाकीच्यांनी एक मिनिट सहन करा. आपलं घड्याळ प्रमाणवेळेचं. ती 82.5 अंश रेखांशाची, 1906 पासून लागू. नगर साधारण 74.75 अंशांवर. फरक पावणेआठ अंशांचा, एका अंशाला चार मिनिटं, झाली एकतीस मिनिटं. बाकी महिन्यांत सूर्य आणि घड्याळ यांच्यात आणखी काही मिनिटांचा फरक पडतो, पण पंचवीस डिसेंबरच्या आसपास तो जवळजवळ शून्य असतो. म्हणजे नगरमध्ये नाताळची खरी मध्यरात्र, सूर्याच्या हिशोबानं, बारा वाजून एकतीस मिनिटांनी होते.

पप्पा बारा वीसला पोहोचायचे. इतकी वर्षं मागे खांबाजवळ उभे राहायचे, उशीर झाला म्हणून. उशीर झालाच नव्हता, अकरा मिनिटं आधी यायचे ते.

हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "हे सुपरवायझरला सांग, पंचिंगच्या वेळी उपयोगी पडेल."

यंदा ऑक्टोबरमध्ये पप्पा रिटायर झाले. त्यांना आता नऊची मिस्सा आरामात जमते, त्यामुळे खरं तर माझा प्रश्न सुटला. पण त्यांच्या लाइनवरचे दोघं-तिघं अजून सेकंड शिफ्टला आहेत, आणि दुसऱ्या कंपन्यांतलेही आहेत. मी फादरांकडे गेलो, गेल्या वर्षीचा पोल कसा झाला ते सांगितलं. ते म्हणाले, नऊची एका गावाला कबूल केलीय, तिथली झाली की बारापर्यंत परत येतो, पण किती माणसं येणार ते सांगा, रिकाम्या बाकांसाठी नको. रास्त आहे. नऊला इथे दुसऱ्या फादरांना बोलावता येईल का, ते बघायचं चाललंय. बाराची चर्चच्या आत होईल, दारं लावून, मैदानात स्पीकर नाही.

या वेळी लिंक पाठवली नाही. एमआयडीसीच्या गेटसमोर चहाची टपरी आहे, तिथे पप्पांनी वही ठेवलीय, पेन दोऱ्यानं बांधून. शिफ्ट सुटल्यावर चहा प्यायला थांबणारा नाव लिहितो, आणि समोर तो किती वाजेपर्यंत पोहोचेल ते. काल रात्रीपर्यंत चौदा नावं होती. त्यातली तीन ख्रिस्ती नाहीत. टपरीवाल्यानं विचारलं तर म्हणाले, गोठा बघायचाय. वेळेच्या रकान्यात बहुतेकांनी सव्वाबारा लिहिलंय, एकानं साडेबारा.